बुवांना दिलेला दृष्टांत

ढुंढिराज गायधनींना कीर्तनाचं वेड होतं आणि ते वेड त्यांना शोभतही असे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून गंगापूर रोडच्या बाजूला असलेल्या त्यांच्या कॉलनीतल्या दत्तमंदिराचा जयंतीचा उत्सव त्यांच्याच खांद्यावर होता. बुवा ठरवायचे ते त्यांनी, मांडववाल्याशी हुज्जत घालायची ती त्यांनी. बुवांचा मुक्काम त्यांच्याच घरी. सकाळी बुवांना पाणी कडकडीत मिळालं की नाही, चहात आलं पडलं की नाही, हे बघण्यात त्यांना देवाची पूजा केल्याचं समाधान मिळे. आणि संध्याकाळी पहिल्या रांगेत, बुवांच्या बरोबर समोर, कानटोपी घालून ते मांडी ठोकून बसत.

नव्या श्रोत्यांना ते आवर्जून सांगत, "हे नुसतं स्टेज नव्हे बरं का. ही नारदाची गादी. म्हणून तर ऐंशी वर्षांचा म्हातारा तिशीतल्या बुवांच्या पाया पडतो. नमस्कार माणसाला नसतोच, गादीला असतो. घरी काय थापा मारायच्या त्या मारा, पण गादीवरून खोटं जाता कामा नये."

हे ते पुष्कळ वर्षं सांगत आले होते. यंदा मात्र ते वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

श्रावणात त्यांची एकुलती एक मुलगी अपूर्वा पुण्याहून कायमची परत आली होती. घटस्फोट झाला होता. सामान म्हणजे दोन बॅगा आणि लहानपणची वाजवायची पेटी. पेटी तिनं पलंगाखाली सरकवून दिली, वर जुनी चादर टाकली, आणि मग घरातले डबे उतरवायला घेतले. रोज एक फळी. डबे घासायचे, पुसायचे, पुन्हा भरायचे. सगळ्या फळ्या झाल्या की पहिल्यापासून परत. सुमेधाताई, तिची आई, काही बोलत नसत. डबा भरायला हातात डाळ तेवढी देत. मुलीला जे करून बरं वाटतंय ते करू द्यावं, एवढं त्या बाईला न शिकवता कळत होतं.

ढुंढिराजांना यातलं काही कळलं नाही असं नाही, पण ते घरात थांबतच नसत. कॉलनीत कुणी विचारलं तर म्हणत, "ऑफिसनं घरून काम दिलंय तिला." मग लगेच घाईत असल्यासारखं मंदिराकडे वळत. मंदिरात पताका बांधायला माणसाची खरी गरज तुळशीच्या लग्नानंतर असते. हे भाद्रपदापासूनच शिडी मोजत होते.

अपूर्वा त्यांच्याशी भांडत नसे. भांडली असती तर बरं झालं असतं. "अण्णा, चहा ठेवलाय." "अण्णा, फोन वाजतोय." यापलीकडे बोलणं नाही. का नाही, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

दोन वर्षांमागं, दिवाळीनंतरच्या थंडीत, एका संध्याकाळी ती अशीच दारात येऊन उभी राहिली होती. पायात घरातल्या सपाता, खांद्याला पर्स, दुसरं काही नाही. गौरांगनं कशावरून तरी चिडून तिला बाहेर काढून आतून कडी लावली होती. शेजारपाजारचे बघतायत म्हणून ती जिना उतरली आणि पाय नेतील तिकडे जाता जाता नाशिकच्या बसमध्ये बसली. ढुंढिराजांनी दार उघडलं. मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी तिच्या मागं बघितलं आणि विचारलं, "गौरांगराव कुठायत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तिला ठक्कर बाजारच्या स्टँडवर नेलं. सुमेधाताई म्हणत होत्या, अहो, चार दिवस राहू द्या पोरीला. पण लोक काय म्हणतील, जावई काय म्हणतील, या विचारानं ते रात्रभर येरझाऱ्या घालत होते. खिडकीची जागा मिळवली. शेजारच्या दुकानातून चिवड्याचं मोठं पाकीट घेतलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "त्यांना आवडतो ना. गेल्या गेल्या हातात दे. हसून दे." बस हलली तेव्हा अपूर्वा त्यांच्याकडे बघत नव्हती, पाकिटाकडे बघत होती.

एवढंच घडलं होतं. त्यानंतर तिनं माहेरी काही सांगणं सोडलं. पुढचं सगळं, वकील, कोर्ट, भाड्याची खोली, तिनं एकटीनं केलं.

*

यंदाचे बुवा होते निफाडकरबुवा. गोरे, उंच, आवाज असा की माईक नसला तरी चालावं. आणि जिभेवर दृष्टांतांची खाण. पण खाणीत माल येतो कुठून? कीर्तनकाराचा कान सदा टवकारलेला असतो. ज्या गावी जाईल तिथलं काही ऐकतो, डोक्यात ठेवतो, आणि वेळ आली की गादीवरून वापरतो. ढुंढिराजांना हे पक्कं ठाऊक होतं.

उत्सवाच्या पहिल्याच सकाळी चहा पिताना बुवा म्हणाले, "यंदा विषय घेतलाय, आयुष्य उलटंपालटं झालं की मनानं कसं उभं राहावं. नाशकातलं काही ताजं असेल तर सांगा, पंत."

आणि ढुंढिराज बोलून गेले. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत," त्यांनी सुरुवात केली. मग त्या गृहस्थांची मुलगी संध्याकाळी सपाता घालून दारात आली. गृहस्थांनी कुठलाही प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, "बाळ, हे दार तुझंच आहे, आत ये." सकाळी जावयाचा फोन आला तर म्हणाले, "ती इथंच राहील." सांगता सांगता ढुंढिराजांनी फोनवर बोलल्यासारखा हातसुद्धा कानाशी नेला. किती तरी रात्री ती संध्याकाळ त्यांनी मनात अशीच दुरुस्त करून बघितली होती. ती तोंडानं सांगितली की खरी होते, असं त्या क्षणी वाटलं.

बुवांनी स्वयंपाकघरात नळाखाली डबे घासणाऱ्या अपूर्वाकडे एकदा बघितलं, मग ढुंढिराजांकडे. हळूच म्हणाले, "ओळखीतले गृहस्थ. बरं, बरं."

बुवांना वाटलं, माणूस विनयानं स्वतःचं नाव लपवतोय. ढुंढिराजांना ते कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि बुवांना तसंच वाटू दिलं. खोटं बोलले त्यापेक्षा ही खाली घातलेली मान त्यांना पुढं जास्त टोचली.

*

उत्सवाच्या मध्यावर पेटीवाला रवी सिन्नरला गेला. वडील मोरीत घसरले, खुबा मोडला. बुवांना साथ कोण करणार? बुवाच म्हणाले, "पलंगाखाली पेटी आहे म्हणे तुमच्याकडे."

कुणाला वाटलं नव्हतं, पण अपूर्वा "बरं" म्हणाली. चादर काढली, पेटी पुसली, भात्यावर हात ठेवला. पहिला सूर निघाला तेव्हा सुमेधाताई कणीक मळत होत्या. त्या तशाच हातानं दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी अपूर्वा घराबाहेर पडली, चार लोकांसमोर बसली, आणि बुवांच्या आवाजाच्या मागं इतकी अलगद चालली, की मध्यंतरात बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला. घरी येताना ती स्वतःहून म्हणाली, "अण्णा, दुसऱ्या पट्टीत जरा चुकलं ना माझं?" ढुंढिराजांना इतका आनंद झाला की त्यांनी नेमकं काय उत्तर दिलं ते त्यांना आठवतच नाही.

म्हणूनच शेवटच्या आदल्या दिवशी जे झालं ते फार वाईट झालं.

पूर्वरंग रंगात आला होता. बुवा सांगत होते, "पाटाचं पाणी नव्या वाटेनं सोडलं की आधी गढूळ होतं, नाही का? शेतकरी काय करतो? ढवळत बसतो का? काठाला बसून राहतो. आपलं माणूस गढूळ झालं असेल ना, बाबांनो, तर ढवळू नका. नुसतं काठाला बसा!" माना डोलल्या. मग बुवांनी झांज थांबवली, उपरणं सावरलं. "असा काठाला बसलेला एक बाप याच नाशकात आहे."

ढुंढिराजांनी कानटोपी खाली ओढली.

बुवांनी कथा फुलवली, आणि कशी फुलवली! त्या बापानं सपाता बघितल्या आणि स्वतःच्या हातानं लेकीचे पाय धुतले. पानावर दहीभात वाढला. जावयाला फोनवर सांगितलं, "ती माझ्या घरी पाहुणी नाही, मालकीण आहे." रात्रभर दाराला कडी घातली नाही, लेकीला पुन्हा कधी कडीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. पुरुष घसे खाकरू लागले. बुवांनी क्षणभर, अगदी क्षणभर, पहिल्या रांगेकडे मायेनं बघितलं.

ढुंढिराज बघत होते पेटीकडे. सपाता हा शब्द आला तेव्हा अपूर्वाची बोटं पट्टीवर थबकली. त्यांना वाटलं, आता ही उठते. साथीदारानं आरतीआधी गादीशेजारून उठायचं नसतं. ती उठली नाही. सूरही सोडला नाही. डावा हात भाता हलवत राहिला, पुढं, मागं, पुढं, मागं. एकदाच तिनं वर बघितलं. रागानं बघितलं असतं तर ढुंढिराजांनी सोसलं असतं. बसमध्ये समोरच्या सीटवर कोण अनोळखी माणूस बसलाय ते बघावं, तसं ती बघत होती.

ज्या गादीवरून खोटं जाऊ नये म्हणून ते लोकांना दटावत आले, त्या गादीवरून आज त्यांचं खोटं गेलं होतं. आणि लोक त्याला हात जोडत होते.

आरती झाली. कपाळी बुक्का लावून घेतल्यावर शेजारच्या लताबाई तडक त्यांच्याकडे आल्या. कॉलनीत काही घडलं की आधी लताबाईंना कळे आणि मग ज्याच्याकडे घडलं त्याला. डोळे लाल, नाक लाल. "अण्णा, तुम्हाला माहीत असणार. कुठले हो ते गृहस्थ? पाय धरावेसे वाटतात बघा."

"असतील कुणीतरी," ढुंढिराज म्हणाले. आणि म्हणताना मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात त्यांना किंचित गोड लागलं. ते गोड लागलेलं ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

*

घरी अपूर्वा "भूक नाही" म्हणून खोलीत गेली. पेटी तिनं पुन्हा पलंगाखाली ढकलली, तो घासल्याचा आवाज बाहेर आला.

सुमेधाताई बुवांना खिचडी वाढत होत्या. तुपाची धार सोडता सोडता म्हणाल्या, "बुवा, आजचा दृष्टांत छान झाला हो. दार काय सुंदर उघडलं. पाय धुतले, दहीभातसुद्धा झाला. मी त्या दिवशी घरातच होते, पण मला काही दिसलं नाही बघा. आणि दुसऱ्या दिवशीचा चिवडा तेवढा राहून गेला हो गोष्टीत."

बुवांचा घास हातातच राहिला. त्यांनी ढुंढिराजांकडे बघितलं. ढुंढिराज ताटाकडे बघत होते.

"पंत, पापड घ्या," एवढंच बुवा म्हणाले.

सकाळी बुवा गच्चीत उन्हाला बसले होते. ढुंढिराज गेले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवू लागले. बुवांनी पाय ओढून घेतले.

"आज हे नको. मी गादीवर नाहीये."

"बुवा, माझ्यामुळं गादीवरून खोटं गेलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. गौरांगराव कुठायत हा प्रश्न, स्टँड, खिडकीची जागा, चिवडा, हसून दे. सांगताना काही सुधारलं नाही.

बुवा शालीची दशी पिळू लागले. "पाय धुणं आणि कडी मी घातली होती पदरची," ते म्हणाले. "चांगलं वाटलं म्हणून घातली. आणि पोर शेजारी पेटीवर बसलीय, तिला कसं वाटेल, हे विचारलंच नाही. मला वाटलं मी तुमचा मान करतोय. गादीचं प्रायश्चित्त माझं मी घेईन, पंत. पण तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"म्हणजे?"

"खोटं गादीवरून गेलं ते कुणाच्या कानात गेलं? गादी पुष्कळ सोसते. तिकडे जा."

अपूर्वा स्वयंपाकघरात होती. फळी रिकामी, डबे जमिनीवर. ढुंढिराज दाराशी उभे राहिले, मग खाली डब्यांमध्ये बसले. गुडघे वाजले.

"मी बुवांना सांगितली होती ती गोष्ट."

"कळलं मला. सपाता फक्त आपल्या तिघांना माहीत होत्या."

"मला... तसं झालं असतं तर, असं वाटायचं गं. रोज वाटायचं."

"मग मला सांगायचं ना, अण्णा." तिचा आवाज चढला नाही. "मला येऊन म्हणायचं, चुकलं माझं. बुवांना काय सांगितलंत? तुम्हाला वाटलं होतं ते. माझं जे झालं ते कुठं गेलं? लोक रडत होते आणि मी तिथं बसून वाजवत होते. त्या गोष्टीतल्या मुलीचं बरं झालं, असं मलासुद्धा वाटलं एकदा."

ढुंढिराजांनी एक झाकण उचलून तिच्यापुढं ठेवलं. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं."

"हं." तिनं डबा उचलला, आतून पुसला. "आणि आता हे कुणाला सांगत फिरू नका. माझं काय झालं ते मी सांगायचं तेव्हा सांगेन. तुम्ही नाही."

"नाही सांगणार."

"संध्याकाळी मी वाजवणार आहे. बुवांना दुसरं कुणी नाही म्हणून. पेटी मीच नेईन."

*

संध्याकाळी ती खरंच एकटी पेटी घेऊन निघाली, दर दहा पावलांवर हात बदलत. ढुंढिराज अंतर ठेवून मागं चालले. मदतीला पुढं व्हायची त्यांची छाती झाली नाही.

मंदिराच्या फाटकाशी लताबाई उभ्याच होत्या, सोबत चारचौघी. "अण्णा! मला झोप नाही लागली हो. आम्ही ठरवलंय, आज शेवटचा दिवस, त्या गृहस्थांचा नारळ देऊन सत्कार करायचा. तुम्ही नाव सांगा, बाकी मी बघते."

अपूर्वा फाटकात थांबली. तिनं पेटी खाली ठेवली, पण वळून बघितलं नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती. ढुंढिराज त्या पाठीकडे बघत राहिले. खरं सांगावं तर तिचं उघडं पडेल. गप्प बसावं तर आज त्या थापेला नारळ मिळेल.

"लताबाई, असा कुणी बाप नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मीच रचून दिली होती ती गोष्ट बुवांना. बुवांचा दोष नाही. मी थाप मारली."

लताबाईंचा हात गालावर गेला. "अगबाई! दत्ताच्या दारात? आणि तुम्हीच आम्हाला गादीचं सांगायचात ना हो?" मग त्यांना खरा राग आला. "आणि मी रडले की! माझ्या सुनेला मिठी मारली मी काल घरी जाऊन, एवढी वर्षं नाही मारली ती!"

"ती मिठी राहू द्या," ढुंढिराज म्हणाले. "गोष्ट तेवढी काढून टाका."

कीर्तन सुरू व्हायच्या आत बातमी मांडवभर झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पहिल्या रांगेतल्या त्यांच्या जागेवर एक भलतेच गृहस्थ ऐसपैस बसले आणि उठले नाहीत. ढुंढिराज मागं गेले, जिथं चपला काढतात त्याच्या कडेला. तिथून बुवा अर्धेच दिसत होते, एक खांब मध्ये येत होता. मध्यंतरात बुवांना हार घालण्याचा मान दरवर्षी त्यांचा. माईकवरून नाव पुकारलं गेलं. ते जागचे हलले नाहीत. शेजारचा मुरमुरेवाला त्यांच्याकडे बघू लागला, तेव्हा त्यांनी हात जोडून नुसती मान हलवली. हार कुणीतरी दुसऱ्यानं घातला.

हारानंतर बुवा पुन्हा गादीवर उभे राहिले आणि कुणाचं नाव न घेता म्हणाले, "काल माझ्या तोंडून एक गोष्ट गेली. ती खरी नव्हती, आणि सांगायचा हक्क तर माझा मुळीच नव्हता. ज्यांच्या कानी पडली त्यांची मी क्षमा मागतो." आणि पेटीकडे वळून, सगळ्यांदेखत, त्यांनी हात जोडले. लोकांना वाटलं, सुराला नमस्कार केला. अपूर्वानं मान खाली घातली आणि सूर दिला. भाता हलत राहिला. ढुंढिराज डोळे मिटून बसले. आवाज मात्र चपलांपाशीही नीट येत होता.

आरतीनंतर गर्दी ओसरली. लताबाई त्यांच्या शेजारून प्रसाद वाटत गेल्या आणि त्यांच्या हातावर ठेवताना थोडा कमीच ठेवला. ते आपल्या चपला शोधत होते.

"अण्णा."

अपूर्वा समोर उभी होती. पेटीच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी मुठी होत्या. एक तिच्या हातात होती.

"एक बाजू धरा. मघाशी येताना हात भरून आला माझा."

त्यांनी दुसरी मूठ धरली. दोघं गल्लीनं निघाले. पेटी मध्ये, त्यामुळं पावलं जुळवून टाकावी लागत होती. ती जरा भरभर चालत होती. त्यांनी आपली चाल वाढवली. कोपऱ्यावर दोघं वळले. मग त्यांच्यानं राहवलं नाही.

"तो चिवडा..."

"दिलाच नाही मी गौरांगला."

"मग?"

"बसमध्ये खाल्ला. सगळा. सिन्नर यायच्या आत पाकीट रिकामं. बोकाणे भरत होते नुसते. शेजारच्या बाईनं पाणी दिलं मला, म्हणाली, अगं पोरी, सावकाश, ठसका लागेल."

ढुंढिराजांना समोरचं नीट दिसेना. पेटी एका बाजूला कलली.

"सरळ धरा," अपूर्वा म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "अण्णा, पायरी आहे. बघून."